पंपरूमशेजारचा खांब

हे वाचून कोणी म्हणेल, थापा मारतोय. म्हणा. मी हे दुसऱ्या कोणाकडून ऐकलं असतं, तर मीही आधी विचारलं असतं, की बाबा रे, त्या वेळी तू काय पिऊन होतास?

मी चहा पिऊन होतो. गुरुवार होता, दुपारचे तीन वाजत आले होते आणि त्या पार्किंगमध्ये लख्ख ऊन आत येत होतं.

भुताखेताच्या गोष्टी रात्री घडतात असा सगळ्यांचा समज असतो. माझ्या वाट्याला जे आलं ते ऑफिसच्या वेळेत आलं. त्यामुळे "अंधारात भास झाला असेल" ही पळवाटही मला राहिली नाही.

मी इमारतींच्या दुरुस्तीची कामं घेतो. काँक्रीटच्या आतली सळई गंजली की फुगते. फुगली की वरचं काँक्रीट फोडून बाहेर येते. मग ते सैल काँक्रीट फोडायचं, सळई घासूनपुसून साफ करायची, तिला पुन्हा गंज धरू नये म्हणून कोटिंग करायचं, परत काँक्रीटने बुजवायचं आणि वरून खांबालाही ओल न शिरणारं कोटिंग द्यायचं. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, माझ्याबरोबर काम करतो. तो याला "आत बनियन, वर सदरा" म्हणतो.

या धंद्यात एकच भानगड आहे. एकदा खांब बुजवला की आतलं बनियन कुणाला दिसत नाही. घातलं की नाही, ते देव जाणे आणि घालणारा जाणे.

म्हणून माझा स्वभाव संशयी झाला. बायको म्हणते, तो आधीपासूनच होता, धंद्याने फक्त निमित्त दिलं.

तर ही इमारत माझ्या थोरल्या बहिणीची. चार मजली, खाली पार्किंग, वर घरं. पार्किंगच्या मागच्या टोकाला पाण्याच्या पंपाची खोली आणि तिच्या भिंतीत अर्धा चिणलेला एक खांब. त्या खांबाच्या नेमकं वर, पहिल्या मजल्यावर, ताईचं घर. घरात ताई, भावोजी आणि भावोजींचे वडील. त्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो.

आबांना अर्धांगवायूचा झटका येऊन बरीच वर्षं झाली होती. उजवा हात, उजवा पाय लुळा. बोलणं संथ, एकेक शब्द शोधून काढल्यासारखं. कोपऱ्यातल्या खोलीत त्यांचा लोखंडी पलंग होता, दोन्ही बाजूंना कठडे असलेला. तोच खांब त्या कोपऱ्यातून वर जात होता आणि पलंगाचं डोकं त्याला टेकलेलं होतं.

काम सुरू होण्याआधी मी ताईच्या अगदी हातापाया पडलो. म्हटलं, "महिनाभर दुसरीकडे राहा. खालचा खांब फोडणार आहोत. वर माणसं नकोत."

"आबांना खाली कोण नेणार?" ताई म्हणाली. "लिफ्ट नाही. जिन्यात स्ट्रेचर वळत नाही. खुर्चीत बसवलं तर त्यांचा श्वास कोंडतो. तू नीट काम कर, म्हणजे झालं."

"अगं पण..."

"तू स्वतः करतोयस ना? मग मला काळजी नाही."

तिला नव्हती. ती सगळी माझ्या डोक्यावर आली.

सोसायटीने नेमलेल्या इंजिनियर बाई आल्या. छोट्या हातोडीने त्यांनी खांब खालून वर ठोकून ऐकला. चांगलं काँक्रीट ठण वाजतं. आतून सुटलेलं बद्द वाजतं.

तो खांब गुडघ्यापासून खांद्यापर्यंत बद्द वाजला. चारी बाजूंनी.

बाईंनी हातोडी खाली ठेवली.

"हा उभा आहे, हेच मला पटत नाहीये," त्या म्हणाल्या.

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

आम्ही आधी आजूबाजूच्या तुळयांना लोखंडी टेकू दिले, म्हणजे फोडताना वरचा भार त्यांच्यावर जावा. मग फोडायला घेतलं. आतल्या सळ्यांची दशा बघवत नव्हती. गंजाचे पापुद्रे ओंजळीने निघत होते. काही ठिकाणी अंगठ्याएवढी सळई करंगळीएवढी उरली होती. त्यांच्या जोडीला नवीन सळ्या टाकाव्या लागल्या.

पण पुढच्या दोन जुन्या सळ्या, छातीच्या उंचीवर...

तिथे गंज नव्हता.

वर गंज, खाली गंज आणि मध्ये मूठभर जागा स्वच्छ. नुसती स्वच्छ नाही, चकचकीत. बसमधला उभा दांडा हात लागून लागून गुळगुळीत होतो ना, तशी. दोन्ही सळ्यांवर, एकाच उंचीवर.

लक्षात घ्या, ही जागा आम्ही त्याच दिवशी उघडली होती. तोवर ती काँक्रीटच्या आत होती.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "आत कोण लटकत होतं?"

"गप्प बस आणि ब्रश मार," मी म्हणालो. मनात आलं, आधी कोणीतरी इथे अर्धवट दुरुस्ती करून गेलं असणार. एखादा चांगलं सामान वापरणारा. असा माणूस आमच्या धंद्यात सापडणं हेच खरं तर नवल, पण असेल एखादा.

आम्ही कोटिंगचे दोन थर देतो. पहिला राखाडी, दुसरा लाल. रंग वेगळे असले की दुसऱ्या थरात कुठे ब्रश चुकला ते लगेच दिसतं. मेहुण्याने पहिला थर दिला, तो सुकल्यावर दुसरा दिला. संध्याकाळी मी टॉर्च मारून सगळ्या सळ्या बघितल्या. लालभडक. एक तीळभर जागा सुटलेली नाही.

सकाळी आलो.

त्या दोन जागा उघड्या होत्या.

राखाडी नाही, लाल नाही. नुसतं चकचकीत लोखंड.

मी फक्त मेहुण्याकडे बघितलं. त्याला माझं बघणं ओळखता येतं, लग्नापासून बघतोय.

"आईशपथ, दाजी. तुम्हीच टॉर्च मारून बघितलं ना?"

"बघितलं."

"मग?"

मग काय, हाच तर प्रश्न होता. रॉकेल लावून कोणी पुसलं? त्यावर तेलाचा हात फिरवला होता, म्हणून कोटिंग धरलं नाही? सोसायटीत या कामाला विरोध करणारे दोन-तीन नग होते. वॉचमन होता, तो माझ्याशी कारण नसताना गोड बोलायचा. मी सगळ्यांवर संशय घेतला. फुकट असतो तो.

पुन्हा दोन्ही थर दिले. या वेळी मी फोटो काढला. खांबाभोवती प्लायवूडची पेटी ठोकली आणि तिला कुलूप घातलं. किल्ली माझ्या खिशात.

दुसऱ्या दिवशी कुलूप जसंच्या तसं होतं. स्क्रूवर मी मुद्दाम लावलेला रंगाचा ठिपकाही हललेला नव्हता.

आतल्या त्या दोन जागा उघड्या.

त्या दिवशी ताईकडे चहाला गेलो तेव्हा माझं तोंड बघून तिने आधी चहाच टाकला. मी आबांजवळ जाऊन बसलो. त्यांनी डाव्या हाताने मला जवळ बोलावलं.

"ते... ठोकणं," ते म्हणाले. "काय... असतं?"

त्यांच्या उशाशी खांब. खालचा प्रत्येक ठोका त्यांना ऐकू जाणार, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी त्यांना सांगितलं. खांब अर्धा पंपरूममध्ये, अर्धा पार्किंगमध्ये. मेहुणा एका बाजूला, मी दुसऱ्या. मधे भिंत, त्यात पंपाचा आवाज, हाका मारून घसा बसतो. म्हणून आम्ही हातोडीने बोलतो. दोन ठोके म्हणजे, "माझ्या बाजूचं झालं, आता तू घे." एक ठोका म्हणजे, "बरं, घेतो."

आबा ऐकत राहिले. मग म्हणाले, "रात्री... पण?"

"नाही हो, आबा. आम्ही पाच वाजता घरी जातो."

त्यांनी मान हलवली. नाही अशी.

"दोन," ते म्हणाले. "रोज... दोनच. कोणी... उत्तर देत नाही... त्याला."

ताई कप उचलत म्हणाली, "औषधाने त्यांना झोप लागत नाही रे नीट." मी लगेच मान डोलावली. पटवून घ्यायला सोपं होतं.

खाली आलो आणि मेहुण्याशी माझं वाजलं.

मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. घरचा माणूस असला की संशय दुप्पट येतो आणि तोंड चौपट सुटतं. रात्री येऊन ठोकाठोकी करतोस का, कोणाच्या सांगण्यावरून करतोस, माझी बहीण वर राहते हे तरी ध्यानात आहे का, इथपर्यंत मजल गेली.

तो शांतपणे ब्रश डब्यात ठेवून उभा राहिला.

"दाजी, तुमचा माझ्यावर भरवसा नसेल तर तुम्हीच मारा कोटिंग. आणि तुम्हीच बसा राखण करत."

गेला. चप्पल फटफट वाजवत गेला.

म्हणून त्या गुरुवारी मी एकटा होतो. सकाळी पहिला थर मी दिला, माझ्या हाताने. तो सुकला तसा दुपारी दुसरा. पंपरूम बंद केली, कुलूप लावलं. मग एक बादली पालथी घातली आणि खांबासमोर बसलो. नजर त्या दोन जागांवर.

ऊन होतं. समोरच्या रस्त्यावरून भंगारवाल्याची गाडी गेली. वरच्या कोणाच्या तरी घरात मिक्सर चालू होता. पंपरूमच्या नळातून पाणी ठिबकत होतं.

मग मिक्सर थांबला.

थोड्या वेळाने रस्त्यावरचे आवाजही थांबले. दुपारची वेळ, थांबतात कधी कधी.

मग ते ठिबकणं थांबलं...

मी सळईकडे बघत होतो. हे मी पुन्हा सांगतो, कारण मला नंतर सगळ्यांनी हेच विचारलं. डोळा लागला नव्हता, मोबाईल बघत नव्हतो. सळईकडे बघत होतो.

कोटिंग अजून चिकट होतं. लाल, ओलसर.

त्यात एक खळगा पडला.

मग त्याच्या खाली दुसरा. तिसरा. चौथा.

डाव्या सळईवर चार. मग उजव्या सळईवर चार.

बोटांचे ठसे. पण ते पुढच्या बाजूला होते, माझ्या तोंडासमोर. मी बादलीवरून उठलो आणि माझा हात त्या ठशांच्या जवळ नेला. बसेना. मी बाहेरून सळई धरली तर माझी बोटं मागे जातात आणि तळवा पुढे येतो. बोटं पुढे यायची असतील तर धरणारा पलीकडे हवा. खिडकीचे गज आतून धरून कोणी उभं राहतं, तसा.

पलीकडे काँक्रीट होतं. सळईच्या मागे आम्ही जागा सोडतो ती फक्त एक बोट जाईल एवढी.

बोटं जातील एवढीच.

आणि त्याच वेळी...

ठक. ठक.

दोन ठोके.

सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. वाटलं, मेहुणा आलाय! पंपरूममधून खोडी काढतोय, सूड घेतोय. मी शिव्या देत पंपरूमकडे पळालो.

दाराला कुलूप होतं. किल्ली माझ्या खिशात होती.

उघडलं. आत कोणी नव्हतं. ओली जमीन आणि तिच्यावर एकही पाऊल नाही.

ठक. ठक.

आता आवाज पार्किंगच्या बाजूने आला. मी बाहेर आलो. आता पंपरूमच्या बाजूने. म्हणजे दोन्हीकडून नाही. मधून.

माझं झालं. आता तू घे.

सवय फार वाईट असते. इतकी वर्षं दोन ठोके ऐकले की माझा हात आपोआप हातोडीकडे जातो. तो गेला. मी हातोडी उचलली, खांबाजवळ नेली. एक ठोका मारायचा, की मागच्याचं काम सुटलं...

तिथे इंजिनियर बाई आठवल्या. हा उभा आहे हेच पटत नाही, असं त्या म्हणाल्या होत्या.

मी हातोडी खाली टाकली. अक्षरशः टाकली, पायावर पडली.

ठक. ठक.

या वेळी हळू. थकल्यासारखे.

मी खांबापासून दोन पावलं मागे सरलो.

आणि वरून, खांबाच्या वरच्या टोकाकडून, उत्तर आलं.

टण.

एक.

सगळे टेकू एकदम करकरले. खांबातून काहीतरी वर सरकत गेल्यासारखी माझ्या पायाखालची फरशी थरथरली. मग सगळं शांत झालं. नळ पुन्हा ठिबकायला लागला.

मी आधी मेहुण्याला फोन लावला. "कुठे आहेस?" "घरी," तो म्हणाला, "जेवतोय. आता जेवण्याचापण संशय?" मागून त्याच्या बायकोचा आवाज येत होता.

इतक्यात वरून ताईची हाक आली. "अरे, वर ये! लवकर वर ये!"

जिना कसा चढलो आठवत नाही.

आबा पलंगावर बसलेले होते. त्यांनी दोन्ही बाजूंचे कठडे धरले होते. दोन्ही हातांनी. जो उजवा हात इतकी वर्षं उशीवर नुसता पडून असायचा, त्याच्या मुठीवर शिरा तटतटल्या होत्या.

ताई रडत होती, हसत होती. "बघ ना! हात हलला रे त्यांचा! बघ!"

मला आनंद झाला नाही. मला खांबाच्या पायाशी पडलेला स्टीलचा पेला दिसला.

"आबा," मी म्हणालो, "काय केलंत?"

ते माझ्याकडे न बघता बोलले. आणि एकही शब्द न अडखळता बोलले.

"किती दिवस उभा होता बिचारा. जा म्हटलं त्याला."

"कोणाला?"

त्यांनी कठडे आणखी घट्ट धरले आणि म्हणाले, "तू तुझं काम कर. बुजवून टाक."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोटिंग जागच्या जागी होतं. वरपासून खालपर्यंत लाल. फक्त ते आठ खळगे तसेच सुकलेले होते. मी मेहुण्याच्या घरी जाऊन त्याची माफी मागितली आणि त्याला खांबापाशी आणून ते खळगे दाखवले. त्याने त्यांच्यावरून बोट फिरवलं आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर त्याला विनोद सुचला नाही. आम्ही ते भरून त्यावर अजून एक थर दिला. मग काँक्रीट भरलं, वरून खांबाला कोटिंग दिलं. काम इतकं मन लावून मी आयुष्यात केलं नव्हतं.

यथावकाश इंजिनियर बाईंनी ठोकून बघितलं. ठण. खालपासून वरपर्यंत ठण. यंत्र लावूनही बघितलं. टेकू काढले.

"आता पटतंय," त्या म्हणाल्या.

सगळं चांगलं झालं, असंच कोणीही म्हणेल.

फक्त आबांनी कठडे सोडले नाहीत.

जेवताना नाही, झोपेत नाही. डॉक्टर म्हणाले, या आजारात स्नायू असे आखडतात. व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई घरी यायला लागल्या. तिसऱ्या की चौथ्या वेळी त्यांनी जोर लावून आबांच्या उजव्या हाताचं एक बोट सोडवलं. मी तिथेच होतो.

छताचं प्लास्टर ताईच्या डोक्यापासून हातभर अंतरावर पडलं. बाथरूमचं दार चौकटीत असं आवळलं गेलं, की भावोजींना ते लाथ मारून उघडावं लागलं. मी खाली धावलो. नव्या कोटिंगवर छातीच्या उंचीवर केसाएवढी चीर गेली होती.

वरून ताई ओरडली, "धरलं! त्यांनी परत धरलं!"

त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. आम्हीही बोलावलं नाही.

मी ताईला म्हटलं, "घर सोड." ती म्हणाली, "आबांना कसं हलवू?" आधी प्रश्न जिन्याचा होता. आता जिन्याचा राहिला नव्हता.

वर्षभराने आबा गेले. सकाळी, सगळे जवळ असताना. मी पोचलो तेव्हा श्वास चालू होता, पण नुसता नावाला. माझी नजर त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती. मी मुठी बघत होतो. त्या सुटल्या की काय होईल, ही एकच भीती डोक्यात होती. वरच्या मजल्यावर एक नुकतंच लग्न झालेलं जोडपं राहायचं. ते दारात चपला काढत उभे होते, भेटायला आले होते बिचारे.

आबांनी डोळे उघडले. भावोजींकडे बघितलं. बोलायची ताकद नव्हती. त्यांच्या बोटातली अंगठी कठड्यावर वाजली.

दोन वेळा.

मी ओरडलो, "भावोजी, नको!"

त्यांना माहीत होतं. ताईने माझ्याकडून ऐकलेलं सगळं त्यांना कधीच सांगितलं होतं. त्यांनी खाली वाकून वडिलांच्या हातांवर आपले हात ठेवले आणि नखाने कठड्यावर टक केलं.

आबांच्या मुठी आपोआप उघडल्या. चेहरा असा निवळला, की बघणाऱ्या सगळ्यांना रडू फुटलं. मलाही.

भावोजी आता त्याच पलंगावर असतात. नोकरी सोडली. ताई भरवते, ताई पुसते. लोकांना सांगते, वडिलांचाच आजार आलाय, घराण्यात आहे. भावोजी तक्रार करत नाहीत. एकदा मी विचारलं, "जड वाटतं का?" तर म्हणाले, "सवय होतेय. तू ताईकडे लक्ष दे."

मी दर आठवड्याला जाऊन तो खांब ठोकून बघतो. वॉचमन मला वेडा समजतो. ठण वाजतो. प्रत्येक वेळी ठण. दुसऱ्या एका इंजिनियरला आणलं, तोही म्हणाला, याच्यापेक्षा मजबूत खांब या इमारतीत नाही.

परवा ताईने जिन्यात गाठलं. तिचे केस किती पांढरे झालेत ते मला त्या उजेडात दिसलं.

"खरं सांग," ती म्हणाली. "आत कोटिंग केलंयस ना रे?"

"केलंय, ताई. माझ्या हाताने."

"आणि ते आहे ना अजून?"

"असणारच."

"मग हे का सोडत नाहीत?"

मेहुणा म्हणतो, टेकू देऊ, छातीच्या उंचीवर हातभर फोडू आणि एकदाचं बघून घेऊ. तो रोज म्हणतो आणि मी रोज आज नको म्हणतो. आतलं कोटिंग पुन्हा गेलेलं असेल तर निदान कारण तरी कळेल, काहीतरी करता येईल. पण ते जसंच्या तसं लालभडक निघालं, तर मी वर जाऊन ताईला काय सांगू?